दाजींचं मशीन बंद करताना

सकाळी पावणेसातला अक्काचा फोन आला. अक्का इतक्या लवकर फोन करते म्हणजे एक तर दूध नासलेलं असतं किंवा नळाला पाणी आलेलं असतं, म्हणून मी पीठ मळता मळताच फोन कानाला लावला. ती म्हणाली, "कमल, मशीन चालू राह्यलंय. बंद कसं करायचं?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस, दाजींना विचार की." मागे रेडिओवर कुणीतरी कांद्यावरच्या करप्याबद्दल सांगत होतं, कुठलं औषध किती लिटर पाण्यात घालायचं ते. अक्का म्हणाली, "ते उठत न्हाईत गं..."

माझं घर तिच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. पिठाच्या हातांनी, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून मी पोचले. दाजी समोरच्या खोलीत त्यांच्या लोखंडी खुर्चीत बसलेले होते. चष्मा नाकावर, पेन्सिल कानावर, मान जरा डावीकडे कललेली. मशीनमध्ये कुठं बारीक खरखर येतेय का ते ऐकताना ते असेच बसायचे, त्यामुळं क्षणभर मला वाटलं, अक्का उगाच घाबरलीय. मग मी त्यांच्या हाताला हात लावला... आणि रेडिओवरचा तो माणूस करप्यावरून थेट तुडतुड्यांवर गेला. मला त्याचा असा राग आला की मी वायर धरून हिसडा मारला. मशीन टेबलावर वीतभर सरकलं, भिंतीवर आपटलं आणि गप्प झालं. मशीन वायर ओढून बंद करायचं नसतं, हे ज्या माणसानं मला पन्नास वर्षं बजावलं, त्याच्या डोळ्यांदेखत मी ते केलं. आणि पहिल्यांदाच ते मला काही बोलले नाहीत.

सुदामदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शांताअक्काचे यजमान. भिंगारला लष्करी वर्कशॉपात सिव्हिलियन कामगार म्हणून लागले, तिथं वायरलेसच्या पेट्या उघडायला शिकले आणि पुढं जन्मभर व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत बसले. तरुण वाचकांना व्हॉल्व्ह म्हणजे नळाची चावी वाटेल. तसं नाही. काचेचा बल्ब असतो, कुठला अंगठ्याएवढा, कुठला वांग्याएवढा, आत निखाऱ्यासारखी तार पेटते, आणि माईकमधून आलेला मुंगीएवढा आवाज असे पाच-सहा बल्ब मिळून हत्तीएवढा करतात. पूर्वी सभा म्हणू नका, लग्न म्हणू नका, सगळं त्यांच्यावरच चालायचं. दाजींचा स्वतःचा एक असा अ‍ॅम्प्लिफायर होता. विहारातल्या दर जयंतीला तोच जायचा आणि बाकी वर्षभर घरी त्याला रेडिओ जोडलेला असायचा. आम्ही सगळे त्याला मशीन म्हणायचो. अक्का त्याला सवत म्हणायची.

बिघाड शोधायची दाजींची रीत अशी की मशीन चालू ठेवायचं आणि साध्या लाकडी पेन्सिलीनं एकेका व्हॉल्व्हला हळूच टिचकी मारायची. धडधाकट असेल तो गप्प राहतो. ज्याच्यात खोट असेल तो भोंग्यातून टण्‌कन उत्तर देतो, नाहीतर खर्रकन ओरडतो. "चोराला हात लावला की चोर बोलतोच," दाजी म्हणायचे. तो टण् आवाज घरभर जायचा, आणि स्वयंपाकघरातून अक्का लगेच विचारायची, "चहा टाकू का?" कारण त्याच्या आधी टाकलेला चहा वाया जातो हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. चोर सापडेस्तोवर दाजींना चहा दिसायचाच नाही.

आता मी या सगळ्यात कशी आले ते सांगते, आणि त्यात माझी काही शोभा नाही. अक्काच्या पहिल्या बाळंतपणाला आईनं मला शेवगावकडच्या आमच्या गावाहून भिंगारला धाडलं. मी अठरा वर्षांची, कामाला वाघीण. अक्का बाजेवर, दाजी वर्कशॉपात, आणि मला हात रिकामे ठेवायची सवय नाही. पलंगाखाली पत्र्याची पेटी सापडली, तिच्यात चिंध्यांत गुंडाळलेल्या चाळीसेक काचा. धुळीनं माखलेल्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर आतून काळपट चंदेरी डाग. आमच्याकडे वीज नव्हती, कंदिलाच्या काचा घासणं हे माझं रोजचं काम. मी म्हटलं, बाई गं, इतकी काजळी, आणि माझ्या बहिणीच्या घरात. राख घेतली, लिंबू घेतलं, आणि दुपारभर बसून एकूण एक काच घासली. धूळ गेली, वर बारीक अक्षरात काहीबाही छापलेलं होतं तेही गेलं, पण डोक्यावरची काजळी काही निघेना. शेवटी दमले आणि सगळ्या काचा सुपात घालून गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत ठेवल्या.

दाजी संध्याकाळी आले. मी मोठ्या हौसेनं सूप त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी एक काच उचलली, फिरवून पाहिली. दुसरी उचलली. मग खाली बसले. "लई लखलखीत झाल्यात," म्हणाले आणि पाणी मागितलं. बाजेवरून अक्कानं विचारलं, "काय झालं ओ?" तर म्हणाले, "काय न्हाई. पोराचं बारसं करायचंच हुतं, आता हितं चाळीस जनांचं करायचंय. तुझ्या बहिनीनं सगळ्यांची नावं पुसली."

ते छापलेलं म्हणजे व्हॉल्व्हचे नंबर होते. नंबराशिवाय कुठला व्हॉल्व्ह कुठं बसतो ते कळत नाही. मी रडायला लागले तर दाजी म्हणाले, "रडून नंबर येत न्हाईत. बस हितं." मग पुढचे तीन आठवडे ते कामावरून आले की मी त्यांच्यापुढं बसायचे. एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरून आतली तार, जाळी, खालचे पाय बघायचे, ओळखीच्या व्हॉल्व्हशेजारी ठेवून ताडायचे, मग मशीनमध्ये बसवून पेन्सिल मारायची आणि तो कसा वागतो ते मी वहीत लिहायचं. मशीन उघडं असताना आत हात घालायचा तर डावा हात खिशात, हा त्यांचा पहिला नियम. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. मला म्हणाले, "तुला खिसा न्हाई. तू डावा हात कमरंवर ठेव." तेव्हापासून मी कामात असले की डावा हात कमरेवर जातो. माझ्या सासरी पहिली दहा वर्षं सगळ्यांना वाटायचं, बाई भांडायला उभी राहिलीय.

आणि त्या चंदेरी डागाचंही तेव्हाच कळलं. सुपातली एक काच उन्हानं की माझ्या जोरानं तडकली होती. तिचा डाग दुधासारखा पांढरा झाला होता. मी म्हटलं, दाजी, बघा, ही एक स्वच्छ झाली. ते म्हणाले, "ही मेली. डाग चंदेरी हाय तवर जीव हाय. आत हवा शिरली की पांढरा पडतो." म्हणजे दुपारभर मी बिचाऱ्यांचा जीवच घासून काढायला बसले होते.

नंबर गेले म्हणून दाजींनी नावं दिली. काळ्या बुडावर पांढऱ्या रंगानं, बारीक ब्रशनं. मशीन तापायला वेळ लावणारा, पण ज्याच्याशिवाय बाकी कुणाच्या पोटात काही पडत नाही, तो मामंजी. भोंग्याला जोर देणारे शेवटचे दोन मोठे, ते थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. "जावा सारख्याच ताकदीच्या लागत्यात," दाजी सांगायचे, "एक जास्त राबाया लागली की ती लाल हुती अन् दुसरी गार बसती." आणि अगदी पहिल्या जागेवरचा, माईकमधला आवाज ज्याच्याकडे सगळ्यात आधी येतो, जरा कुठं धक्का लागला की टणटणायला लागतो, त्याच्यावर त्यांनी लिहिलं मेव्हणी. मी वाचलं, विचारलं, हे काय? ते म्हणाले, "पेन्सिल मारून बघ." मी मारली. टण् वाजलं. आतून अक्का म्हणाली, "चहा टाकू का?"

त्याच वर्षी थंडीत मला एक शोध लागला. एक गार पडलेली काच पुसायला म्हणून मी तिच्यावर हाऽऽ केलं, तर वाफेत पुसलेला नंबर क्षणभर उमटला आणि विरला. मी धावत दाजींकडे. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय." मी म्हटलं, "मग मला तीन आठवडे कशाला बसवलंत?" तेव्हा त्यांनी मला जे उत्तर दिलं, ते मी पुढं माझ्या पोरींनाही सांगितलं. "नंबरानं नुसती जात कळती, कमल. गुन कसा कळंल?" आता ते व्हॉल्व्हबद्दलच बोलत होते. पण आमच्या वस्तीतल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य नुसतं व्हॉल्व्हबद्दल राहत नाही.

माझं लग्न भिंगारातच ठरलं तेही त्यांच्यामुळं. मुलगा बघायला आला, दाजींनी त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या, जेवणानंतर तो जरा आडवा झाला तेव्हा शेजारी बसले आणि आत येऊन म्हणाले, "सेट चांगला हाय. फक्त हम मारतो." हम म्हणजे मशीन नुसतं चालू असताना मागं जी घूंऽऽ अशी घरघर येते ती. मला वाटलं, मुलगा गुणगुणतो. लग्नाच्या पहिल्या रात्री कळलं की घोरतो. दुसऱ्या दिवशी मी तक्रार घेऊन गेले तर दाजी म्हणाले, "आदीच सांगितलं हुतं. हम काय बिघाड न्हाई, सवय हुती." झाली सवय. आता तो घोरणाराही नाही, तर झोप लागायला, घरघर हवी म्हणून, उशाशी पंखा लावावा लागतो.

सगळ्यात मोठा पराक्रम शेवगावजवळच्या एका गावातला. जयंतीचा दुपारचा कार्यक्रम, गायन पार्टी आमच्या वस्तीतलीच, अक्का कोरसमध्ये. स्टेज म्हणजे पिंपांवर टाकलेल्या फळ्या. ढोलकीवर थाप पडली की फळ्या हलायच्या, फळ्या हलल्या की मशीन हलायचं, आणि भोंगा कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा केकाटायचा. दाजींनी पेन्सिल काढली. थोरली जाऊ गप्प, धाकटी गप्प, मामंजी गप्प. मेव्हणीला टिचकी मारली आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं टण् झालं. दुसरी जोडाची मेव्हणी पेटीत नव्हती. दाजींनी माझ्याकडे बघितलं. "कमल, तू गुबगुबीत हायस," म्हणाले. मला पुढचं विचारायलाही वेळ मिळाला नाही. मला स्टेजच्या मधोमध मांडी घालून बसवलं, मांडीवर चार पदरी गोधडी, तिच्यावर मशीन. थाप फळ्यांतून माझ्यापर्यंत यायची आणि माझ्यातच मुरायची. भोंगा एकदम शहाण्यासारखा गायला लागला. मे महिन्यातलं ऊन नसलं तरी एप्रिल काही कमी नसतो, आणि मांडीवर पेटलेली शेगडी. हलायचं नाही, खोकायचं नाही. गावच्या सरपंचांनी बघितलं की एक बाई स्टेजच्या मध्यभागी अगदी गंभीर चेहऱ्यानं बसलीय, सगळे गायक तिच्याभोवती उभे आहेत. त्यांनी येऊन माझ्या गळ्यात हार घातला आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दाजींकडे बघितलं. ते खालून हातानं सांगत होते, हलू नको. मी म्हटलं, "मला बोलता येणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साधेपणा फार आवडला म्हणे.

पुढं ते दिवस गेले. जयंतीला डीजेच्या भिंती आल्या, आणि दाजींकडे अधूनमधून कुणी हौशी माणूस आजोबांचा रेडिओ घेऊन यायचा तेवढंच. अक्काचा मुलगा मिलिंद, तोच, ज्याच्या वेळी मी बाळंतपणाला आले होते, पुण्याला नोकरीत. त्यानं एकदा वडिलांना डब्याएवढा ब्लूटूथ स्पीकर आणून दिला. दाजींनी तो सगळ्या बाजूंनी पेन्सिलीनं वाजवून बघितला. काहीच बोलेना. त्यांनी तो परत दिला. "चांगला हाय," म्हणाले, "पन आत कोनच ऱ्हात न्हाई ह्याच्यात."

गेल्या हिवाळ्यात खोकला धरला म्हणून मी त्यांना नगरला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी दाजींच्या पाठीवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं टकटक वाजवत खाली खाली गेल्या. दाजींचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, औषधाआधीच बरे झाले. त्यांनी विचारलं, "काय बाई, टण् वाजतंय का बद्?" त्या म्हणाल्या, "खाली बद्." दाजी म्हणाले, "म्हंजी पानी हाय." बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "ते याच धंद्यातले आहेत." परत येताना रिक्षात दाजी म्हणाले, "बाईचा हात चांगला हाय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "डाग पांढरा पडत चाललाय, कमल." मी म्हटलं, "दाजी, तुमचे केस पांढरे होऊन वीस वर्षं झाली." ते म्हणाले, "केसाचं न्हाई म्हनत मी..."

तर असे दाजी गेले. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं आली, गेली, आणि घरात अक्का उरली. आणि ती समोरच्या खोलीत येईना. स्वयंपाकघरात जेवायची, तिथंच झोपायची. बाहेर जायचं तर समोरच्या खोलीतून खाली बघत जायची, जशी काही ओली फरशी ओलांडतेय. मिलिंदनं हळूच रेडिओ लावून बघितला, तर मशीन नुसतं खर्र-खर्र करून गप्प. तो म्हणाला, नगरवरून कुणी मेकॅनिक बोलावतो. अक्का आतून ओरडली, "हात लावू देऊ नको कुनाला." पन्नास वर्षं जिला सवत म्हटलं, तिच्या अंगाला आता परक्याचा हात चालेना. मिलिंद मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, ही अशी कोपऱ्यात बसून राहिली तर मी तिला पुण्याला नेतो. घर बंद करू." मुलगा चांगला आहे, त्याचं काही चूक नव्हतं. पण खरं सांगते. आई गेली, घोरणारा गेला, दाजी गेले. मला माझी बहीण तीन गल्ल्यांवर हवी होती, पुण्याला नको होती.

मिलिंद एक महिन्याची मुदत देऊन गेला. मुदत संपत आली तशी एक दिवस दुपारी मी गेले. अक्का आत तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "मी हात लावला तर चालेल का?" ती तांदळातून मान वर न करता म्हणाली, "तू काय परकी हायस? आदीच घासून ठिवलंस की सगळं." मी ती परवानगी समजले. दाजींच्या टेबलावरची पेन्सिल उचलली. मशीनचं मागचं झाकण उघडलं, डावा हात कमरेवर ठेवला आणि बटण दाबलं. मामंजींनी त्यांच्या सवयीनं वेळ घेतला. मग एकेक तार लाल झाली. सगळ्यांचे डाग बघून घेतले, सगळे चंदेरी. भोंग्यातून खर्र-खर्र यायला लागलं. थोरलीला टिचकी मारली, गप्प. धाकटी, गप्प. मग पहिल्या जागेवर पेन्सिल मारली.

टण्.

मेव्हणी तिच्या जागेवर अर्धी उचकटून तिरकी उभी होती. त्या दिवशी मी वायरला हिसडा मारला आणि मशीन भिंतीवर आपटलं, तेव्हाच ती सुटली असणार. म्हणजे बिघाड माझा, केलाही मीच, आणि नावही माझंच. दाजी असते तर हे एवढं एकच त्यांना वर्षभर पुरलं असतं. मी मशीन बंद केलं, मेव्हणीचे पाय फडक्यानं पुसले, तिला नीट सरळ दाबून बसवली आणि परत चालू केलं. खरखर गेली. रेडिओवर एक बाई लिंबाच्या लोणच्याबद्दल बोलायला लागली, अगदी स्वच्छ.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आत तांदळाचा आवाज थांबलाय. टण् वाजल्यापासूनच थांबला असेल. मग आतून अक्काचा आवाज आला. "चहा टाकू का?"

"टाक," मी म्हटलं.

ती दोन कप घेऊन समोरच्या खोलीत आली. लोखंडी खुर्चीकडे बघितलं, तिच्यात बसली नाही, शेजारच्या पलंगावर बसली. लोणच्याचं सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाली, "मीठ जास्त सांगितलं तिनं."

संध्याकाळी मिलिंदचा फोन आला, कधी येऊ घ्यायला. अक्का म्हणाली, "मशीन चालू झालंय. मला बंद करता येत न्हाई. ते शिकते, मग बघू."

बंद करणं अगदी सोपं आहे. आधी उजवीकडचं बटण, मिनिटभर थांबायचं, मग मधलं. आणि तारा लाल असेपर्यंत उभं राहायचं, त्या विझल्या की जायचं. दाजी रोज तसेच उभे राहायचे, पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्यासारखे. आता रोज संध्याकाळी साडेसातला मी तीन गल्ल्या चालत जाते, पेन्सिल कानावर असते, गल्लीतली पोरं हसतात. चहा होतो, बातम्या होतात आणि मी मशीन बंद करून घरी येते. काल मी म्हटलं, "अक्का, ये इकडं, दोनच बटणं आहेत, तुला दाखवते." ती उठली, माझा रिकामा कप उचलला.

"मला न्हाई जमायचं," म्हणाली आणि आत गेली.